वाढवून सांगितलेलं वर्ष

एका डेंटल कॉलेजच्या कॉम्प्युटरात माझ्या लेकीच्या जबड्याचा एक्स-रे आहे. नाव काढलंय, चेहरा झाकलाय. दरवर्षी नवी पोरं तो उघडतात आणि त्यांना पहिलाच प्रश्न येतो, या केसमधली कोणती माहिती चुकीची आहे? उत्तर : वडिलांनी सांगितलेलं वय. दहा वर्षं होऊन गेली, तरी माझा राग गेलेला नाही. चूक माझी होती हे मला कळतं. तिचा धडा करायला हवा होता का, हे अजून पटलेलं नाही.

माझा धंदा गायींचा. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडचे गोठे फिरायचे, गाय घ्यायची, विकायची. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं स्वतःच्या जिवावर केलं. विकणारा सांगतो, पहिलारू आहे, पहिल्याच वेताची. मी ऐकून घेतो आणि गाईचा ओठ वर करून दात बघतो. माणसाच्या शब्दावर मी कधी गाय घेतली नाही.

लेकीचा खालचा जबडा मागे राहिला होता. वरचे दात पुढे, ओठ मिटायचे नाहीत. शाळेत पोरी तिला ससा म्हणायच्या. फोटो काढताना ती ओढणी तोंडाशी धरायची. शिरूरच्या दातांच्या डॉक्टरांनी त्या कॉलेजला पाठवलं, म्हणून तिला घेऊन गेलो.

तिथे एक मॅडम होत्या, भोवती सात-आठ शिकणारी पोरं. लेकीचा बाजूने काढलेला एक्स-रे पडद्यावर होता. एक पोरगा माउसने नाकाच्या मुळाशी, जबड्याच्या कोपऱ्यावर, हनुवटीवर ठिपके देत होता. मग त्याने वय विचारलं. मी कागदावरचं सांगितलं, साडेतेरा. त्याने बटण दाबलं आणि एक्स-रेवर लाल रेघेने चेहरा उमटला. माझ्या लेकीचा, मोठेपणीचा. हनुवटी जवळपास आहे तिथेच.

"वाढ फारशी उरलेली नाही," पोरगा म्हणाला. "अठरानंतर ऑपरेशन."

"म्हंजी जबडा कापायचा?" मी उठलोच. "गाईचं वासरू बघून मी सांगतो ते किती वाढंल. तुमचं मशीन पोरीकडं बघतंय तरी का?"

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर मानेचे मणके दाखवले. "वरच्या मणक्यांच्या खालच्या काठाला खळगा पडलाय. त्याखालचा अजून सपाट आहे. हाडं सांगतात, ही आत्ता ऐन वाढीत आहे. कागद सांगतो, वाढ सरत आली. तारीख नक्की का?"

"आधारवर हाय की!"

"आधारवर जे सांगितलं ते असतं. हे बघा, वाढ चालू असेल तर आजच ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे धरणारे ठोकळे, दातांवर बसवते, जबडा पुढे येऊ शकतो. पण तारीख खरी असेल तर मला सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे बघावा लागेल. आणि वाढ चालू असली तर ते सहा महिने गेले."

मी तावातावाने पोरीला घेऊन जिन्यापर्यंत आलो. खरी गोष्ट अशी होती, की ती आजोळी, दौंड तालुक्यात जन्मली आणि जन्माची नोंद राहून गेली. शाळेत घालताना नोंद करायची वेळ आली, तेव्हा शाळेत वर्षभर आधी घेतील म्हणून मी एक वर्ष वाढवून सांगितलं. माझी वर्षं गुरांमागे गेली होती, हिचं एकही वाया जाऊ नये एवढंच डोक्यात होतं. घरात हे फक्त मला आणि बायकोला ठाऊक होतं.

जिन्यात लेक म्हणाली, "आप्पा, ऑपरेशन म्हंजी किती दुखतं?"

परत फिरलो. मॅडमना बाजूला बोलावलं, तर त्या म्हणाल्या, इथेच सांगा. सगळ्या पोरांसमोर सांगितलं, "एक वर्ष कमी करा."

पोराने आकडा बदलला. लाल रेघ थोडी पुढे सरकली. फार नाही. मॅडम म्हणाल्या, "ही रेघ दुसऱ्या मुलांच्या सरासरीची आहे. हिची हाडं मला जास्त खरी वाटतात. बसवूया."

ब्लॉक बसवले. दिवसरात्र तोंडात ठेवायचे, त्यामुळे बोलणं बोबडं. परतीच्या वाटेवर गाडीत ती बोटांवर वर्षं मोजत होती. मग बोबडंच म्हणाली, "म्हंजी मी वर्गात सगळ्यांपेक्षा वर्षभर बारकी होते?"

"व्हय."

"चौथीत भागाकार येत न्हवता म्हणून तुम्ही मारलं हुतं."

मी गाडी चालवत राहिलो. मारलं होतं ते खरं होतं. पोरगी ढ आहे असं मी चारचौघांत म्हणायचो, तेही खरं होतं.

तिने ब्लॉक एकही दिवस काढले नाहीत. मी सांगितलं म्हणून नव्हे. दीड वर्षाने मॅडमनी नवा एक्स-रे जुन्यावर ठेवून दाखवला. जबडा पुढे आला होता. ऑपरेशन टळलं. त्याच दिवशी त्यांनी केस शिकवायला ठेवू का म्हणून विचारलं, आणि मी भांडायला उभा राहिलो. 'वडिलांनी खोटं सांगितलं' असं नको, 'नोंदीत चूक' लिहा.

मॅडम म्हणाल्या, "तसं लिहिलं तर ही मुलं नोंद तपासतील. बापाला विचारणार नाहीत."

मी पुढे बोलणार, तोच खुर्चीतून लेक म्हणाली, "माझा एक्स-रे हाय, मॅडम. ठेवा. खरं काय ते लिहा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा लेक चौदा वर्षांची होती. खरी चौदा.