आधी वैद्याने प्यायचं

बाबा गेल्यावर आईला मी सिंगापूरला, यिशुनच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले, आणि तेव्हा लक्षात आलं की तिचं जेवणच सुटलंय. ताटावर बसायची, भाताची चार शितं चिवडायची आणि "झालं गं माझं" म्हणून उठायची. हातातली सोन्याची बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल! मला मात्र धडकी भरली होती. बाबांच्या मागोमाग हीही निघाली तर मी काय करणार होते?

मी एकटी राहते आणि चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत काम करते. माझी जेवायची वेळ आणि लंडनच्या कॉलची वेळ एकच. त्यामुळे माझं अर्धं जेवण पोटात जातं आणि अर्धं फ्रिजमध्ये.

शेवटी आमच्या ब्लॉकखाली चिनी औषधांचं दुकान आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे आईला न्यायचं ठरवलं. आई लगेच तयार झाली. नाडी बघतो तो वैद्य, बाकीचे सगळे मशीनवाले मिस्त्री, असं तिचं ठाम मत आहे.

बाईंनी नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "जीभ."

आईने ऐटीत जीभ काढली. बाई चष्मा वर करून बघतच राहिल्या. "ही काय तान्ह्या बाळाची जीभ आहे?"

"सांग तिला," आई खूश होऊन म्हणाली, "रोज सकाळी तांब्याच्या पट्टीने खरवडते. आज निघताना परत एकदा खरवडली. परक्या बाईला घाणेरडी जीभ दाखवायची म्हणजे काय!"

मी सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पोटात काय चाललंय ते त्या थरावरच दिसतं, आणि तोच तुम्ही धुऊन आलात! आता मी बघू काय?"

मग त्या आईवर जाम उखडल्या. म्हणे, राजवाड्यातल्या वैद्याची गत केलीत माझी. चीनच्या बादशहाच्या काळात राणी पडद्याआड बसायची. वैद्याला मिळायचं फक्त मनगट, तेही वर रेशमी रुमाल टाकून. तोंड दिसायचं नाही, जीभ तर लांबच. काही विचारावं तर दासी म्हणायची, राणीसाहेब छान आहेत. आणि गुण नाही आला तर शिक्षा वैद्याला!

"हे मात्र बरं होतं," आई मला म्हणाली. "आपल्याकडे चुकतो डॉक्टर आणि भोगतो पेशंट."

परवा जीभ न घासता या, असं बजावून बाईंनी आम्हाला घालवलं. ठरल्या दिवशी सकाळी घरात महाभारत झालं. "पारोशा तोंडाने मी दाराबाहेर पडू? अगं, आपल्यात जीभ बाहेर काढते ती फक्त कालीमाता, आणि ती तरी घासत असेल!" मी तांब्याची पट्टी पर्समध्येच टाकली. लिफ्टमध्ये शेजारच्या मावशींनी गुड मॉर्निंग केलं, तर आईने पदर तोंडाला लावून नुसती मान हलवली. मावशींना वाटलं दाढ दुखतेय.

जीभ बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा खुलला, की मलाच लाज वाटली. "हां! पांढरा, जाड थर. भूक मंदावलीय." भिंतभर ड्रॉवर होते, त्यातून मुळ्या आणि साली निघाल्या, आतल्या खोलीत उकळल्या आणि काळाकुट्ट काढा आला. आईने वास घेतला आणि कप बाईंपुढे सरकवला.

"आधी तिला पिऊ दे."

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चाचरत भाषांतर केलं. पण बाई टेबलावर थाप मारून हसल्या. "अगदी बरोबर! पद्धतच होती ती. बादशहाचा काढा दोन वाट्यांत ओतायचे. एक वैद्याने आधी प्यायची. त्याला काही झालं नाही, की मगच दुसरी बादशहाकडे."

त्यांनी खरंच दुसरा कप घेतला, काढा निम्मा निम्मा केला, आपला गटागटा प्यायल्या, तोंड वेडंवाकडं केलं आणि रिकामा कप आईसमोर धरला. आईने त्यात वाकून पाहिलं. मग आपला कप एका दमात संपवला.

दोन्ही रिकामे कप तिने शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून ह्यांचं ताट संपल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आता आधी जेवायचं कोणी?"

एरवी ह्या पद्धतीवरून मी तिच्याशी कडाकडा भांडले असते. तिथे मला रडूच फुटलं. बाई विचारत होत्या, काय म्हणाली? नाक ओढत ओढत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आधी तू जेवायचं. आणि ताटात काही टाकायचं नाही."

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला. लंडनला म्हटलं, थांबा जरा. आईने वरणभात आणि मेथीची भाजी केली होती. ती समोर बसून माझा घास न् घास बघत होती. मी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि डॉक्टरीणबाईंसारखं तिच्यासमोर तिरकं धरलं.

तिने वाकून पाहिलं. मग तेच ताट माझ्या हातातून घेतलं, त्यात भात वाढून घेतला आणि जेवायला लागली.

"वरणात मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "बोलली नाहीस ती?" आणि पुन्हा भात घेतला.