पाठमोरी उतरणारी आक्का

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. सकाळचे दहा वाजले असतील. फोन यांचाच होता, नांदेडच्या दवाखान्यातून. "आक्का गेली," एवढंच बोलले. लघवीचा जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता, हे आम्हाला चार दिवसांपासून माहीत होतं. मी "बरं, मी निघते" म्हणाले आणि उरलेली जुडी निवडून मगच उठले. रडू आलं नाही. ते का आलं नाही, याचा विचार गेला दीड महिना मी करते आहे. हे लिहायला बसले तेही बहुधा त्यासाठीच.

आक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. मुदखेडजवळच्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि नांदेडला भाड्याच्या खोलीत राहायची. लग्न केलं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सणावाराला यायची, ताठ बसायची, माझ्या स्वयंपाकाला कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी चांगलंही म्हटलं नाही. आमच्यात भांडण नव्हतं, जिव्हाळाही नव्हता. अकरा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ती सहकाऱ्याच्या मोटरसायकलवर एका अंगानं बसून उमरीला निघाली होती. वाटेत नवाच गतिरोधक घातला होता, त्यावर पांढरे पट्टे नव्हते. सहकाऱ्याला खरचटलंही नाही. आक्का मात्र मागच्या मागं पाठीवर पडली आणि कमरेखालचं तिचं शरीर त्या दिवसापासून तिला कळेनासं झालं.

तीन महिने दवाखान्यात काढल्यावर तिला कुठं न्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा आमचं घर तळमजल्यावर म्हणून ती आमच्याकडे आली. मला ते नको होतं. मी तसं बोलले नाही, पण आक्का हुशार होती, तिला कळलं असणार. एका शिबिरात तिला चाकांची खुर्ची मिळाली. हार घातला, फोटो काढला, खुर्ची टेम्पोत चढवून दिली. ती वापरायची कशी, हे कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. चाकं आहेत, मागून ढकलायची, त्यात शिकायचं काय असतं...

घराच्या दोन पायऱ्या आणि जोतं मिळून दीड फूट उंची होती. यांनी गवंडी बोलावून त्यावर चार-पाच फुटांचा सिमेंटचा उतार करून घेतला. दिसायला छान गुळगुळीत झाला. आक्का येऊन आठवडा झाला असेल. तिला अंगणात उन्हाला न्यायचं म्हणून मी खुर्ची सरळ, तिचं तोंड रस्त्याकडे करून उतारावर घातली. दोन पावलांतच वजन माझ्या हाताबाहेर गेलं. चप्पल घसरली, मी खाली बसले, खुर्चीच्या मुठी हातातून सुटल्या. खुर्ची फाटकातून थेट गल्लीत गेली, पुढची बारकी चाकं नालीच्या जाळीत अडकली आणि आक्का तोंडावर आपटली. डावं मनगट मोडलं, ओठ फाटला. मी उतारावर बसल्या जागी तिच्याकडे बघत होते. शेजारच्या बायका धावल्या, तेव्हा कुठं मी उठले.

संध्याकाळी यांनी विचारलं, "पडलीस कशी?" आक्का म्हणाली, "उतार खडा होता. चाक अडकलं." दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. माझ्या हातून खुर्ची सुटली, हे तिनं सांगितलं नाही. मी दारात उभी होते. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला. बराच वेळ प्रश्न विचारत होती, वर्गात मुलांना विचारावेत तसे एकेक. मग मला हाक मारली.

"सुनंदा, गव्हाचं पोतं आण."

"कशाला, आक्का?"

"खुर्चीत ठेव. आज मी न्हाई बसत, पोतं बसंल."

तिची खाट दाराशी ओढून घेतली होती. तिथून ती सांगत होती आणि मी करत होते. खुर्ची वळव, तिचं तोंड घराकडं. तू मागं, उताराच्या खालच्या अंगाला. आता तू पाठीमागं पाय टाकत उतर, खुर्ची तुझ्या अंगाशी येऊ दे, वजन पोटावर घे. अधूनमधून मागं बघ, खड्डा हाय का, कुत्रं हाय का. खाली गेल्यावर दोन्ही ब्रेक लाव, एक न्हाई, दोन्ही. पहिल्या खेपेला पोतं कलंडलं. "बांध त्याला," ती म्हणाली. ओढणीनं बांधलं. गल्लीतल्या बाया कुंपणापलीकडून बघत होत्या, एकीनं हसून विचारलंही, की पोत्याला फिरवायला काढलंय का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आठव्या-नवव्या खेपेला खुर्ची न हिसकता खाली आली. आक्का म्हणाली, "आता जमलं." रागाचा एक शब्दही ती बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा हिशेब मॅडमनी सांगितला होता. म्हणजे आमच्या दीड फुटाला अठरा फूट. एवढा उतार सरळ बसेना, म्हणून भिंतीच्या कडेनं वळवून घ्यावा लागला आणि त्यात माझा मोगरा गेला. खरं सांगायचं तर आक्काच्या मनगटापेक्षा मी त्या मोगऱ्यासाठी जास्त हळहळले. गवंडी म्हणाला, "बाई, एवढा लांब उतार तर गोदामाला करत्यात." आक्का म्हणाली, "मग गोदाम समजून कर. आन् वर झाडूच्या रेघा ओढ, गुळगुळीत नको."

त्या वर्षभरात आम्ही दोघी बरंच शिकलो, बहुतेक चुकून शिकलो. एकदा तिचा पदर चाकात गुंडाळला आणि गळ्याशी ओढला गेला. त्यानंतर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती पंजाबी ड्रेस घालू लागली. गावाकडे त्याची चर्चा झाली, तिनं ती होऊ दिली. एकदा चहाचा कप मांडीवर ठेवून ती खोलीत गेली. थोडा सांडला असावा. तिला काहीच कळलं नाही. संध्याकाळी कपडे बदलताना मला मांडीवर तळहाताएवढा फोड दिसला. तो बरा व्हायला दोन महिने लागले. मग गरम काही मांडीवर न्यायचं नाही, हा नियम झाला. खाटेवरून खुर्चीत येताना आधी ब्रेक, मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलायच्या, त्यांच्यावर भार द्यायचा नाही. भाजीची पिशवी खुर्चीच्या मागं अडकवायची नाही, नाहीतर चढावर खुर्ची मागं कलते. पाऊण तास झाला, की बोलता बोलता ती आधी एका, मग दुसऱ्या अंगावर कलून स्वतःला गादीवरून उचलायची, तेवढा वेळ थांबायची, पुन्हा बसायची. एका जागी बसून कातडी कुजते म्हणून. मनगट बरं झाल्यावर हे ती दोन्ही हातांवर जोर देऊन, पंधरा-पंधरा मिनिटांनी करू लागली. पाहुण्यांना वाटायचं, बाईंना उठायचं आहे.

दीड वर्षानं ती नांदेडला परत गेली आणि शाळेत हजर झाली. मुख्याध्यापकांनी सुचवून पाहिलं, की मॅडम, आता स्वेच्छानिवृत्ती घ्या, आराम करा. ती म्हणाली, "सर, मी बसूनच शिकवीत होते. आता खुर्ची माझी स्वतःची हाय, एवढाच फरक." तिला सोडायला मी एसटीनं गेले होते. लातूरच्या स्टँडवर चार माणसं मदतीला धावली आणि मिळेल तिथं धरून खुर्ची उचलू लागली. आक्कानं दोन्ही चाकं हातांनी दाबून धरली.

"थांबा. सगळ्यांनी हात काढा आधी."

माणसं जरा नाराज झाली. "बाई, मदतच करून राहिलो आम्ही," एकजण म्हणाला.

"हाव, भाऊ. पण ह्या हाताच्या दांड्या निघतात, त्यांना धरलं तर दांडी तुमच्या हातात ऱ्हाईल अन् मी खाली. खालची चौकट धरा. दोघं मागं, दोघं पुढं. मी तीन म्हणल्यावर उचला, आधी न्हाई."

तिनं एक, दोन, तीन म्हटलं आणि ती अलगद वर गेली. कंडक्टरनं न सांगता पुढची सीट मोकळी करून दिली.

पुढची गोष्ट आम्हाला बरीच उशिरा कळली. नायगाव, उमरी, मुदखेड भागात शिबिरांतून खुर्च्या वाटल्या जात होत्या आणि घरोघरी त्या कोपऱ्यात पडून होत्या, कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी धान्य ठेवत होतं. आक्का रविवारी ओळखीच्या रिक्षानं अशा घरांत जाऊ लागली. कोणत्या संस्थेतर्फे नाही, कुणी सांगितलेलं नाही. मी एकदा दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले असताना मला म्हणाली, "चल माझ्यासंग. धरायला माणूस लागतंय."

नायगावजवळच्या एका गावात नामदेवराव नावाच्या शेतकऱ्याचं घर होतं. चार वर्षांपूर्वी चिंचेवरून पडून त्यांचे पाय गेले होते. तेव्हापासून माणूस खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. खुर्चीवर घोंगड्या रचलेल्या. त्यांची बायको काशीबाई अंगानं अगदी बारीक, त्या म्हणाल्या, "ह्यांला कोन ढकलंल, बाई? ह्यो उंबरा बगा. माझ्यानं न्हाई व्हत."

"हातानं न्हाई करायचं, काशीबाई. मागं ह्या नळीवर पाय दाबा अन् मुठी खाली घ्या. पुढची चाकं आपोआप उचलतात. ती उंबऱ्यापलीकडं टेकवा, मग मोठी चाकं ढकला."

काशीबाई जवळ यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "पडले तर? माझ्या हातून पडले तर लोक काय म्हनतील?"

आक्का म्हणाली, "मी पण पडले एकदा. उतार खडा होता. मनगट मोडलं होतं, बघा, अजून वाकडं हाय."

ही हकिगत ती प्रत्येक घरात सांगत असणार, हे तिच्या सांगण्यावरून माझ्या लक्षात आलं. आणि प्रत्येक घरात ती अशीच सांगत असणार... उतार खडा होता. मी काशीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "उतारामुळं न्हाई पडल्या त्या. माझ्या हातून सुटली होती खुर्ची."

सहा वर्षांत हे मी पहिल्यांदा कुणासमोर बोलत होते. आक्कानं मान वळवली नाही. म्हणाली, "हाव. हिच्याच हातून. म्हणून तर हिला आणलंय. हिच्याइतकं घट्ट धरणारं माणूस मला नांदेडात न्हाई गावलं."

काशीबाईंनी घोंगड्या काढल्या. तासाभरानं नामदेवराव उंबऱ्याबाहेर होते. मी मुठी धरल्या होत्या, पाय काशीबाईंचा होता. दुसऱ्या खेपेला मी नुसती शेजारी उभी राहिले. अंगणातून गाडीवाटेनं त्यांना शेताच्या कडेपर्यंत नेलं. ज्वारी गुडघ्याएवढी होती. नामदेवरावांनी कडेकडेनं सगळ्या शेतावर नजर फिरवली. मग एवढंच म्हणाले, "पलीकडचा बांध कुनीतरी कोरून ऱ्हायलंय, काशे. मला सांगितलं न्हाईस." काशीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही. रिक्षात बसल्यावर मी आक्काला काहीतरी बोलणार होते. ती म्हणाली, "पाणी दे." मी बाटली दिली. त्या विषयावर आम्ही पुढं कधीच बोललो नाही.

चौदावा झाल्यावर आम्ही तिची नांदेडची खोली रिकामी करायला गेलो. इतक्या वर्षांत मी तिथं राहिले ती तिच्या सोबतीनं, तिच्याकडे बघत. खोली अशी कधी पाहिली नव्हती. कडी, दिव्याची बटणं, कपड्यांच्या खुंट्या, देवाचा फोटो, सगळं आमच्या कमरेच्या उंचीवर. यांना देवाला हात जोडायला वाकावं लागलं. दारासमोरच्या भिंतीवर एक मोठा आरसा होता, इतका खाली की त्यात मला माझं फक्त पोट दिसत होतं. घरमालकीण म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या आरशाचं काय करायच्या कुणास ठाऊक, नटणं तर बाईंना माहीतच नव्हतं. काढून न्या तुम्ही."

आरशाचे स्क्रू काढायला हे बाहेर पेचकस आणायला गेले. मी खाटेच्या काठावर टेकले आणि सहज आरशात पाहिलं. त्या उंचीवरून त्यात माझ्या खांद्यामागचं उघडं दार दिसत होतं, दाराबाहेरचा उतार, त्याच्या टोकाशी उभी असलेली सायकल आणि कोपऱ्यापर्यंत सगळी गल्ली. दारातून पाठमोरी बाहेर पडताना मागं वळून बघायला तिच्याकडे कुणी नव्हतं. तिनं ते काम भिंतीवर टांगून ठेवलं होतं.

मी तशीच बसून राहिले. पेचकस घेऊन उतार चढून येताना हे आरशात दिसले. आक्काला रोज येणारी माणसं अशीच दिसत असतील, पाठीमागून येणारी, आपण आल्याचं तिला कळत नाही असं समजणारी. तेव्हा मला रडू आलं.