ओली पट्टी

इस्त्रीवालीच्या हातून आजवर एकही कपडा करपला नव्हता. गल्लीत तिचा तोरा होता तो त्याच जोरावर, आणि खोटं कशाला सांगू, तो तिला शोभायचाही.

तिच्या नवऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे. दुकानातून त्यानं गिऱ्हाइकाला मारलेली हाक चौकापर्यंत जायची. मग मोठं आजारपण आलं, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली आणि भोंगा गप्प झाला. नळीवर बोट ठेवलं की बोलता येतं, हे दवाखान्यातल्या सिस्टरनं दाखवलं होतं. त्यानं एकदाच ठेवलं, स्वतःचा घोगरा आवाज ऐकला आणि त्यानंतर हूं की चूं केलं नाही. इस्त्रीवालीला नळीपेक्षा ती शांतताच जड जात होती.

सेवेत मात्र बाईनं कसर ठेवली नाही. हात धुवायचे, नळीच्या आतली नळी काढून ब्रशनं घासायची, परत बसवायची, मानेभोवतीच्या फितीखाली बोट जातंय ना ते बघायचं. सगळं डोळ्यांत तेल घालून. चुकली ती एकाच ठिकाणी. नळीच्या तोंडावरची पट्टी ओलसर ठेवा, असं सिस्टर म्हणाली होती. पण ओलं कापड म्हणजे कुबट कापड, हे जिच्या हाडीमाशी खिळलेलं, ती ऐकते थोडीच! ती रोज पट्टीला कडकडीत इस्त्री करून बांधायची. कोरड्या हवेनं आतला कफ वाळत गेला.

एका दुपारी ती शर्टाला इस्त्री करत होती. भोंगा खुर्चीतून उठला तो श्वासासाठी धडपडत, डोळे पांढरे करत. दुसरी एखादी हातपाय गाळून बसली असती. हिनं हातातली इस्त्री तशीच सोडली, त्याला खुर्चीत दाबून बसवलं आणि सिस्टरनं घोटून घेतलं होतं तसं पट्टी सारून आधी आतली नळी फिरवून बाहेर काढली. नळीत वाळल्या कफाचं बूच होतं. सूं करून हवा आत गेली आणि त्याचा श्वास सुरू झाला.

ती त्याच्या पायाशी बसली. "माझंच चुकलं," ती रडत म्हणाली. "कपड्यांवर पाणी शिंपडण्यात जन्म गेला, आणि तुम्हालाच कोरडं ठेवलं हो मी!"

भोंग्यानं तिचा खांदा हलवला. तिला वाटलं, समजूत घालतोय. त्यानं पुन्हा हलवला, तिच्या मागे हात केला. ती काही बघेना. शेवटी त्यानं नळीवर बोट ठेवलं.

"अगं... शर्ट जळतोय!"

आवाज घोगरा होता, फाटका होता, पण त्याचा होता. मागे टेबलावरून धूर निघत होता. इस्त्रीवाली जागची हलली नाही.

"जळू दे," ती म्हणाली. "परत बोला."