सारिन्तेनच्या गेंदेरची तिसरी पट्टी

सारिन्तेन आजीला जाऊन हजार दिवस होत आले, तरी तिच्या नातीच्या, वेनिंगच्या, डोक्यात एकच किडा वळवळत होता. कोणती सून मसाला वाटतेय हे जिला नुसत्या आवाजावरून कळायचं, तिच्या गेंदेरची तिसरी पट्टी बेसूर कशी?

गेंदेर म्हणजे दोरीवर टांगलेल्या काशाच्या पट्ट्यांचं वाद्य. समोर घेऊन बसायचं आणि दोन हातांतल्या दोन गोल टिपऱ्यांनी वाजवायचं. सोळाव्या वर्षी आजी क्लातेन शहराजवळच्या या घरात आली. नवरा पडद्यापुढे चामड्याच्या बाहुल्या नाचवून कथा सांगायचा, ही त्याच्या पाठीशी बसून वाजवायची. सात बाळंतपणं झाली, पण वाद्य सुटलं नाही. पोर छातीशी बांधलेलं असायचं, आणि ते किरकिरलं की डाव्या हाताने थोपटत एकट्या उजव्या हाताने दोन्ही हातांचं काम करायची. शिवाय सकाळी बाजारात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकायलाही हीच. नवऱ्याला लोक गुरू म्हणायचे. गुरू कथेत भरकटले की टिपरीचा एक जादा ठोका पडायचा आणि गुरू मुकाट्याने वाटेवर यायचे.

अशा बाईबद्दल शेवटची वीस वर्षं सगळी पंचक्रोशी म्हणत होती, "बिचारीचा कान गेला." वेनिंगला ते फार झोंबायचं. हजाराव्या दिवशी कबरीवर दगड बसतो, गावोगावचे वादक जमतात, आणि त्या दिवशी माणसाबद्दल जे बोललं जातं तेच पुढे चालतं. त्या दिवशी आजीचं गेंदेर वेनिंगच वाजवणार होती. पट्टी सुरात आणली तर आजीच्या नावावरचा डाग पुसता येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

तिने आधी वागिमानकाकाला विचारलं.

"खडखडत असेल म्हणून केलं असेल काहीतरी," काका तोंडात तांदळाचं गोड अपेम कोंबत म्हणाला. "आणि कान गेला तर गेला! माझे दात गेले, मी रडत बसलो का?"

मग वाद्यं सुरात लावणारे कार्सा आले. त्यांनी पट्टी सोडवून उलटी केली. तिच्या पोटाला बातिकच्या कापडाला लावतात ते मेण चिकटलेलं होतं.

"इकडे ये पोरी. खालचा थर बघ, काळाठिक्कर, जुना. त्यावर एक, त्यावर आणखी एक. चार-पाच वेळा लावलंय, दर वेळी चिमूटभर. मेण वाढलं की सूर उतरतो."

"म्हणजे चुकून नाही लागलं?"

"चुकून? नखाने कोरून कोरून बेतलंय हे! लावणाऱ्याचा कान माझ्यापेक्षा तिखट होता. आता चांगली पट्टी उतरवायला एवढा खटाटोप कशाला, ते मला विचारू नकोस. काढू?"

वेनिंग घुटमळली. असं कोडं अर्धवट टाकायला तिचं मन होत नव्हतं. पण दिवस दोनच उरले होते.

"काढा," ती म्हणाली. मेणाचा गोळा मात्र तिला फेकवेना.

हजाराव्या दिवशी दुपारी अंगण माणसांनी भरलं. जुमिरा आजीला, सगळ्यांच्या म्बाहला, दोघींनी धरून आणलं. ही गुरूंच्याच मंडळीची गायिका; चाळीस वर्षं सारिन्तेनच्या शेजारी बसून, तिच्याच डब्यातलं पान खाऊन गायलेली. मैत्रीण गेल्यापासून तिने गायला तोंड उघडलं नव्हतं. आज तिच्यासाठी एक गाणं म्हणणार होती.

तिने आवाज लावला. ऐंशीव्या वर्षीही काय गळा होता! पण तिसऱ्या सुरावर तो जरासा खाली घसरला. साथीला गेंदेरची पट्टी स्वच्छ सुरात वाजत होती, त्यामुळे फरक सगळ्यांना ऐकू आला. दुसऱ्या वेळीही तेच. ढोलकीवाल्याने मान खाली घातली. जुमिरा थांबली, तिचा हात गळ्याकडे गेला.

"राहू दे," ती पुटपुटली. "उठवा मला कोणीतरी."

वेनिंगचा हात कमरेच्या मेणाकडे गेला. चार-पाच थर! जुमिराचा गळा जसजसा उतरला, तसतशी आजीने पट्टी उतरवली होती, आणि लोकांचं बोलणं स्वतःच्या कानावर घेतलं होतं.

"बसा म्बाह, चूक माझी आहे!" ती मोठ्याने म्हणाली. "मीच पट्टी बिघडवून ठेवलीय."

तिने कमरेला खोचलेलं मेण काढलं, तळहातावर मऊ केलं आणि पट्टीच्या पोटाला दाबलं. वाजवून पाहिलं, नखाने थोडं खरवडलं, पुन्हा वाजवलं. कार्सांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, जुमिराकडे पाहिलं आणि मिटलं.

या वेळी गाणं अडलं नाही. गळा आणि पट्टी शेवटपर्यंत बरोबर चालले. सूर टिपेला गेला तेव्हा वागिमानकाका उपरण्यात तोंड लपवून रडत होता. मागच्या रांगेतून मात्र कोणीतरी म्हणालंच, "घ्या! नातीचाही कान आजीवरच गेला." वेनिंगला ते लागलं, खोटं कशाला सांगा. तिने टिपऱ्या खाली ठेवल्या.

जुमिराने तिला जवळ ओढलं आणि हळूच कानाशी लागली.

"मनाला लावून घेऊ नकोस गं पोरी. तुझ्या आजीचंही असंच व्हायचं. वीस वर्षं मी तिला सांभाळून घेतलं, पण एका शब्दाने कोणापाशी बोलले नाही."

वेनिंगचे डोळे भरून आले. तिने म्हातारीचे दोन्ही हात धरले.

"हो म्बाह," ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून निभावलं तिचं."