बाजूला बसण्याचे दिवस

"पाळी आता परत येईलसं वाटत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी सदतीस वर्षांची होते, तुमची आई पाचवीत. रिपोर्टवर 'प्रीमॅच्युअर ओव्हेरियन फेल्युअर' असं लिहिलं होतं. म्हणजे चाळिशीच्या आतच बीजकोश काम करायचे थांबतात. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. फेल्युअर हा शब्द तोवर मुलांच्या निकालापुरता होता. आता म्हणे 'इन्सफिशियन्सी' म्हणतात. नापास नाही, कमी पडली.

अनया, ईशान, हे घराण्यात उतरू शकतं, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात कळलीच नाही. अंगातून एकदम वाफ निघायची, पण सोलापूरच्या मे महिन्यात ती कुणाची निघत नाही? भर थंडीत वर्गात ब्लाउज भिजला, तेव्हा दवाखाना गाठला. 'एफएसएच' नावाची रक्ततपासणी झाली. बीजकोश थकले की मेंदू त्यांना जास्त जोरात हाका मारतो, त्या हाका रक्तात मोजतात. महिन्याने पुन्हा तीच तपासणी, मग सोनोग्राफी. बाहेर बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना पोटुशी बायका. एकीने मला विचारलं, "तुमचा कितवा?"

परतताना रिक्षात तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. जुळे सोलापुरात घरापाशी रिक्षा थांबली, त्यांनी मोजून पैसे दिले. उतरताना म्हणाले, "आईला कळता कामा नये. नेहमीसारखी बाजूला बसत जा."

आमच्याकडे पाळी आली की बाईने स्वयंपाकघरात आणि देवापाशी जायचं नाही. मागच्या खोलीत चटईवर वेगळं बसायचं. नसलेल्या पाळीसाठी मी दर महिन्याला बसू लागले. सासूबाई नातेपुत्याकडच्या, नातवासाठी आसुसलेल्या. दारातून ताट सरकवत म्हणायच्या, "बसली का परत? एकदा तरी चुकू दे की गं."

आजोबांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, हाडं टिकावीत म्हणूनही. "आता कशाला?" ते म्हणाले. गोळ्या आल्याच नाहीत. केस तेच, साडी तीच, वर्गातला आवाजही तोच. घरात मात्र मी चटईवर असो वा नसो, त्यांच्या लेखी बाजूलाच होते.

तिसऱ्या वर्षी गौरी नेमक्या माझ्या 'तारखेला' आल्या. सासूबाईंचं लक्ष होतं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या त्यांनी मेडिकलमधून मागवल्या आणि सगळे जेवत असताना माझ्या हातावर ठेवल्या. "घे. न्हायतर पुरण कोण घालणार?"

मला हसूच आलं. "मला नकोत. पाळी गेली माझी, तिसरं वर्ष चालू आहे."

"मंग बसत हुतीस कशाला?"

मी आजोबांकडे पाहिलं. ते आमटीत भाकरी कुस्करत होते. मान वर न करता म्हणाले, "मला तरी कुठं माहीत होतं?"

सासूबाईंनी गोळ्या परत घेतल्या. "पोरगा न्हाय तर न्हाय. सोवळ्याला तरी कामाला आलीस." तेव्हापासून सगळे सण माझ्याकडे आले. महिन्याकाठी पाठ टेकायला मिळायची, तेही संपलं.

पन्नाशीत ओट्याजवळ घसरले आणि मनगट मोडलं. 'ऑस्टिओपोरोसिस', म्हणजे हाडं ठिसूळ होणं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हार्मोन तेव्हाच सुरू करायला हवे होते, बाई." मी मान डोलावली. ओट्यापुढे तरी थोडे दिवस उभं राहावं लागणार नव्हतं.

तुम्हाला खांद्यावर घेऊन फिरवणारे आजोबा खरेच होते. गौरीच्या जेवणातलं ते एक वाक्यही त्यांचंच होतं.

अनया, पाळी चुकायला लागली तर वाट पाहू नकोस. तपासून घे, आणि औषध दिलं तर घे, कुणी "कशाला?" म्हणालं तरी. तुमची आई मला आधीच झाली होती, त्याबद्दल रोज देवाचे आभार मानते. ज्याच्यापाशी मला फिरकू देत नव्हते, त्याच देवाचे.

ईशान, तूही वाच. उद्या तुझ्या बायकोने असं काही सांगितलं, तर कुणाला सांगू नकोस असं तिला म्हणू नकोस. आणि चारचौघांत तिला कुणी जाब विचारला, तर ताटातून मान वर काढ. "मला माहीत होतं," एवढं म्हण.