गरम पाणी कोणी सांगितले?

प्रा. करीम सरांच्या साठीनिमित्त चार शब्द लिहायला मी उत्साहाने होकार दिला आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतले. सर मला नीट समजले आहेत, असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

नव्वदीच्या दशकात पीएच.डी.साठी सिंदेवाहीहून चंद्रपूरला आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत सरांनी माझ्या हातावर एक पांढरा पडदा ठेवला. सूक्ष्म छिद्रांच्या या पडद्यातून फाटलेल्या दुधाची निवळी गाळायची आणि तिच्यातली प्रथिने पडद्याची काय गत करतात ते पाहायचे, हा माझा विषय. असे पडदे तीनच होते आणि चौथा मिळण्याची आशा नव्हती.

निवळी आधी भराभर गळे, तासाभराने थेंब थेंब. प्रथिनांचे कण छिद्रांहून लहान, तरी छिद्रे बुजत. मी पडदा गरम पाण्याने धुतला, तर तो कायमचाच बुजला. पाणी कमी तापले असेल म्हणून दुसरा उकळत्या पाण्याने धुतला आणि तोही घालवला. मग सामान बांधून सरांच्या घरी निरोप घ्यायला गेलो.

"काऊन चालला?"

"मले काईच समजून नाई राह्यलं, सर."

"मले तरी कुठी समजलं? बैस, चहा घे."

चहा आणताना सरांच्या पत्नी रझियाबाईंनी सगळे ऐकले होते. त्या म्हणाल्या, "दुधाचं भांडं पहिले थंड्या पाण्यानं इसळावं लागते. गरम पाण्यानं दूध भांड्याले धरते."

सर बाईंकडे पाहतच राहिले. तिसरा पडदा आम्ही गार पाण्याने धुतला. प्रवाह बराचसा परतला, पण सगळा नाही. तिथे सरांनी मला प्रबंधात 'कारण कळले नाही' असे सरळ लिहायला लावले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "दोन पडदे गरम पाण्याने कोणी घालवले?" मी तोंड उघडण्याआधीच सर म्हणाले, "गरम पाणी मीच सांगितलं होतं."

सांगितले होते का? मला आठवत होते ते असे, की मी कोणालाच विचारले नव्हते. पण सर खोटे बोलत नाहीत, म्हणून मी इतकी वर्षे स्वतःच्याच आठवणीवर संशय घेत आलो. परवा शेवटी विचारलेच.

सर हसले. "नसन सांगितलं. पण थंडं पाणी घे, असं तरी कुठी सांगितलं होतं मी?"

मला रडू आले, आणि का ते कळेना. सरांच्या पंचाहत्तरीला हे पुन्हा नीट विचारायचे आहे, आणि तेव्हाही कळले नाही तर शंभरीला. तोवर सरांनी ठणठणीत राहावे, कारण माझे शिकणे अजून अर्धेच झाले आहे.