रुमालावरचं कुंकू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काल कपाटात जुना रुमाल सापडला, त्यावर फिकट लाल डाग आहे.

कोडोलीत नवी मंडळी जमत होती, मी बायबल शिकवायचो. पत्र्याखाली उकडत होतं. शांताबाई पहिल्यांदाच आल्या, कपाळभर कुंकू लावून. मी सगळ्यांदेखत रुमाल पुढे केला. "हे पुसा, मग बसा."

"मालक जित्तं हायत की, पास्टर," त्या हसून म्हणाल्या. मी हसलो नाही. त्यांनी पुसलं.

"जित्त्या नवऱ्याचं कुंकू पुसून आलीस व्हय?" म्हणत सासूने त्यांना घरात घेतलं नाही. मला कळलं, तरी मी गेलो नाही. माझी स्वतःची आई मरेपर्यंत कुंकू लावायची. तिला मी कधी बोललो नव्हतो.

चूक माझी होती, हे शांताबाईंच्या सासरच्या दारात उभं राहून सांगण्याचं देणं मी अजून लागतो.